आधी पेर बघा, फूल मागाहून

ठाण्याच्या येऊरच्या जंगलात पाटोणापाड्याकडे जाताना वाटेत जवळजवळ उभी असलेली दोन झाडं आहेत. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींना पांढरी फुलं, वाऱ्याने डहाळी मोडली की दोन्हींतून दुधासारखा चीक. पाच वर्षं माझ्या वहीत त्या दोघांखाली एकच नाव होतं, कुडा. सहाव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे चित्र काढत बसले होते आणि शेंगा नीट पाहिल्या. दोन्हींवर शेंगा जोडीजोडीने लटकत होत्या. पण एका झाडावर जोडीची टोकं खाली एकमेकांना चिकटलेली होती, चिमट्यासारखी. दुसऱ्यावर दोन्ही शेंगा देठापासूनच सुट्या, लांब आणि बारीक. पाड्यावरची एक मावशी भाजीची पाटी घेऊन चालली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, ह्यो काळा नि ह्यो पांढरा. तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

माहीत नव्हतं. मग मी मागची पानं उलटली, तर फरक माझ्याच चित्रांत आधीपासून होता. काळ्या कुड्याचं फूल मी एप्रिलमध्ये काढलं होतं, त्याच्या मध्यभागी बारीक पांढरी झालर होती. पांढऱ्या कुड्याचं जूनच्या तोंडावर काढलेलं फूल साधं होतं, बारीक नळी आणि वर पाच पाकळ्या. हाताने फरक टिपला होता आणि मी मात्र एकाच नावाखाली दोन्ही बसवून मोकळी झाले होते. नाव लवकर मिळालं की बघणं थांबतं, ते मला त्या दिवशी कळलं. रानातली झाडं ओळखायला शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी, असं मला बरेच जण विचारतात. माझं सांगणं त्या कुड्यापासूनच सुरू होतं.

मी ठाण्यात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. जे थोडंफार कळलं ते पेन्सिल हातात घेऊन एका जागी बसल्यामुळे कळलं.

जागा एकच धरा

पहिल्याच रविवारी कर्नाळा, दुसऱ्या रविवारी खारघरचा डोंगर, तिसऱ्याला माळशेज असं करू नका. दोनशे पावलांची एक वाट निवडा आणि वर्षभर दर पंधरा दिवसांनी तिथेच जा. येऊर असेल तर उत्तम, पण घरामागचा मोकळा प्लॉट, पारसिकच्या पायथ्याची पायवाट, खारघरमध्ये पावसाळी ओढ्याची कड, काहीही चालेल. माझ्या एका मैत्रिणीने वाशीत सोसायटीच्या कुंपणभिंतीपासून सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात तिला तिथे एकदांडी, आघाडा, केना, पुनर्नवा, दुधी नावाचं तण आणि भुईआवळा सापडला. भुईआवळ्याची फळं पानांच्या रांगेखाली लपलेली असतात, वरून दिसतच नाहीत. ती बघायला तिला भिंतीपाशी उकिडवं बसावं लागलं, आणि बसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं.

एकच जागा का, ते शेवळ सांगतं. पहिला पाऊस पडला की जमिनीतून शेवळाचा कोंब वर येतो, जांभळट तपकिरी आवरण आणि आत उभा दांडा. हे त्याचं फूल, खरं तर पुष्कळ बारीक फुलांचा मिळून झालेला दांडा. पान त्या वेळी नसतंच. जांभळी नाक्याच्या मंडईत जूनमध्ये शेवळाच्या जुड्या येतात, सोबत काकडाची आंबट फळं, कारण नुसती शेवळं घशाला खाजवतात. काही दिवसांनी ते सगळं विरून जातं आणि त्याच कंदातून ठिपक्याठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखं एकच पान उभं राहतं. जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा येणारा माणूस वहीत दोन वेगळ्या वनस्पती लिहील. दर पंधरा दिवसांनी तिथेच जाणारा त्याच खड्ड्यात, त्याच दगडाशेजारी पान फुटताना बघेल. पळस, पांगारा, काटेसावर यांचंही तसंच, फुलं येतात तेव्हा झाडावर पान नसतं. फूल आणि पान जोडायचं काम जागाच करते.

सोबत काय घ्यावं

कोऱ्या पानांची वही, एचबी पेन्सिल, सहा इंची पट्टी आणि दहा पटींचं भिंग. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि झाडाजवळ आपण जायचं, हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही. पावसाळ्यात वहीला प्लॅस्टिकची पिशवी. बसायला पोत्याचा तुकडा. मोबाइल असतोच.

झाडापाशी पोचल्यावर

आधी झाड सोडून बाकीचं बघा. ते उभं कुठे आहे? कातळावरच्या ओलीत, ओढ्याच्या सावलीत, रस्त्याच्या खडीत की दुसऱ्या झाडावर? पेवा मला नेहमी ओलसर सावलीत भेटला, तापलेल्या उघड्या कातळावर कधी नाही. कळलावीला चढायला कशाचा तरी आधार लागतो, म्हणून ती झुडपांच्या कडेला सापडते. वहीत जागा लिहायची, तारीख लिहायची, ऊन किती तास येतं ते लिहायचं. नावासाठी वर एक रेघ मोकळी ठेवायची. माझ्या वहीत अशा पुष्कळ रेघा अजून रिकाम्या आहेत आणि त्यांची मला घाई नाही.

त्यानंतर पेर. उसाला जसं पेर असतं तसं प्रत्येक फांदीला असतं. पान जिथून निघतं तो सांधा. लोक मला फुलांचे फोटो पाठवतात आणि विचारतात हे काय आहे. मी विचारते, पानं समोरासमोर होती की एकाआड एक? त्याचं उत्तर जवळजवळ कुणाकडेच नसतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतोच. फुलं येतात आणि जातात. पेर बाराही महिने तिथेच असतं.

पेरापाशी मी चार गोष्टी बघते. एका पेरावर पानं किती: एक, समोरासमोर दोन, की तीन-चारांचं कडं? भारंगीत कधी दोन, कधी तीन पानं एका पेरावर दिसतात. पेव्याची पानं एकेक करून खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, ते एकदा काढलंत की पेवा फुलाशिवायही लांबून ओळखू येतो. दुसरं, खोड गोल की चौकोनी. घरच्या तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत फिरवा, चार कोपरे बोटाला लागतील. चौकोनी काडी, समोरासमोर पानं आणि चुरडल्यावर वास, हे तिन्ही एकत्र असलं तर बहुतेक वेळा तुळशीचं कूळ. दीपमाळ त्यातलीच. सागसुद्धा आता त्याच कुळात धरतात, आणि त्याची कोवळी फांदी पाहिलीत तर तीही चौकोनी असते.

तिसरी खूण मला फार आवडते. समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये, खोडाला चिकटून एक छोटं त्रिकोणी पातं असतं का ते भिंगाने बघा. त्याला उपपर्ण म्हणतात. ते देठांच्या बरोबर मध्ये बसलेलं असलं आणि पानाच्या कडा सलग असल्या तर झाड कदंबाच्या, म्हणजे कॉफीच्याही कुळातलं असण्याची शक्यता मोठी. बारतोंडी बघा, भूतकेस बघा. भूतकेसाचं ते पांढरं पानासारखं दिसणारं सगळ्यांना आवडतं, पण ते पान नव्हे, फुलाच्या बुडाशी जी हिरवी दलं असतात, म्हणजे निदलं, त्यांतलंच एक मोठं होऊन पांढरं झालेलं असतं. शेजारची छोटी नारिंगी नळी हे खरं फूल.

चौथी गोष्ट बगलेतली कळी. पळसाला पाने तीनच, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. आता पळसापाशी जाऊन ती तीन पानं नीट काढा. मधलं मोठं, बाजूची दोन थोडी तिरकी, एका बाजूला जास्त फुगलेली. प्रत्येकाच्या बुडाशी नवीन कळी आहे का शोधा, मिळणार नाही. कळी मिळेल ती खाली, तिघांचा मिळून जो लांब देठ आहे तो फांदीला जिथे लागतो तिथे. म्हणजे ही तीन पानं मिळून एकच पान आहे आणि त्या तिघी पर्णिका. गळतानाही ते शेवटी देठासकट फांदीवरून सुटतं. एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलांना मी दर वर्षी हे करायला लावते. कळी सापडली की पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय कुठलंही वर्णन जुळत नाही. कडुलिंबाची "पानं" मोजायला सांगितली तर अर्धा वर्ग पर्णिका मोजतो.

एवढं झाल्यावर मग पान. कडा, टोक, शिरा, आणि पालथी बाजू. पालथी बाजू विसरू नका. ऐनाचं खोड सुसरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं असतं, त्यावरून तो लांबून कळतो, पण लहान रोपाला ती साल नसते. तेव्हा पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेच्या बुडाशी बघा, बारीक गाठीसारख्या ग्रंथी असतात. सागाचं कोवळं पान बोटांत चोळलं की बोट लाल होतं. चीक आहे का, वास कसला, काटा पानाचा की सालीचा, हे सगळं यात आलं.

आणि हे सगळं काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. फोटो काढताना आपण पूर्ण झाडाकडे बघून एक बटण दाबतो. चित्रात प्रत्येक देठ कुठे टेकवायचा ते ठरवावं लागतं आणि ठरवण्यासाठी परत वर बघावं लागतं. एका पेराचं मोठं चित्र, पट्टीने घेतलेली दोन मापं, बाजूला बाणाने लिहिलेले चार शब्द. वीस मिनिटं पुरतात.

टाकळा आणि त्याचा भाऊबंद

जुलैत ठाण्यात रस्त्याच्या कडेला सगळीकडे टाकळा उगवतो. शेजारीच बऱ्याच वेळा कासविंदा असतो, त्याला काही जण रानटाकळा म्हणतात. दोघांना पिवळी फुलं, दोघांची पानं पर्णिकांच्या जोड्यांची. टाकळ्याला बहुधा तीन जोड्या, पर्णिका टोकाला गोलसर आणि रुंद, आणि खालच्या जोडीच्या मध्ये टाचणीच्या टोकासारखी उभी ग्रंथी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, आणि ग्रंथी अगदी खाली, देठ खोडाला लागतो तिथे, काळपट मण्यासारखी. भिंग नसलं तरी ती दिसते. पुढे शेंगा आल्या की टाकळ्याच्या बारीक, वाकड्या, दोऱ्यासारख्या लांब, तर कासविंद्याच्या चपट्या आणि कडेला फिकट. संध्याकाळी सहा-सातला परत त्याच जागी गेलात तर टाकळ्याच्या पर्णिका मिटलेल्या दिसतील.

हे मी एवढं सविस्तर लिहिते कारण टाकळ्याची भाजी घरोघरी होते आणि कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. ओळख कच्ची असताना रानातलं काही खाऊ नका. झाडं ओळखणाऱ्या अॅपने सांगितलं म्हणून तर मुळीच नको. मंडईत ज्या मावशी भाजी विकतात त्यांच्या समोर बसून एकेक जुडी हातात घेऊन विचारा, त्या सांगतात. फोडशी, कुरडू, कवळा मी त्यांच्याकडूनच शिकले. भाजी घ्या, पैसे पूर्ण द्या, आणि घरी नेऊन शिजवायच्या आधी एक काडी वहीत काढा.

खाडीकाठी

डोंगर चढवत नसेल त्यांनी खाडीकडे जावं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झालेला भाग 2015 पासून संरक्षित आहे आणि 2022 मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून तिवरं अगदी जवळून बघता येतात.

खाडीत जाती थोड्या, त्यामुळे नवख्याला हे फार सोपं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात, पानाची पालथी बाजू राखाडी असते आणि कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण चमकतात. कांदळाला खोडापासून फुटून चिखलात रोवलेली कमानदार मुळं, आणि बी झाडावरच रुजून लांब हिरव्या शेंगेसारखं लटकतं. चिपीचं फळ गोल, बुडाशी चांदणीसारखी दलं. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्ष जाहीर केलं. या तिन्हींची पानं समोरासमोर असतात.

गेव्याची मात्र एकाआड एक. गळायच्या आधी पानं लाल होतात आणि सुंदर दिसतात, म्हणून हात जातो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होऊ शकते. खाडीत एकाआड एक पानं दिसली की हात मागे घ्या आणि डोळ्यांनीच बघा. पेर बघायची सवय इथे नुसत्या ओळखीपुरती राहत नाही.

हात कुठे लावू नये

खाजकुइलीला पळसासारख्याच तीन पर्णिका, पण ती वेल. हिवाळ्यात तिच्या शेंगांवर सोनेरी तपकिरी मखमल येते आणि ते केस वाऱ्यानेही अंगावर येतात. एका जानेवारीत माझी बाही नुसती घासली गेली आणि हात दिवसभर पेटल्यासारखा झाला. चोळू नये. चिकटपट्टी लावून केस उचलायचे आणि मग धुवायचं. बिब्ब्याचं तेल लागलं तर फोड येतात. कळलावी सगळीच विषारी, कंद सर्वांत जास्त. ती ओळखायला मात्र सोपी: पानाचं टोक लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि त्यानेच ती आधार पकडते.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे पान तोडायचं नाही, रोप उपटायचं नाही, कायदाच आहे. तोडायची गरजही पडत नाही, पडलेली पानं आणि मोडलेल्या डहाळ्या वाटेवर असतातच. चौकीवर विचारून जा, उजाडल्यावर जा, अंधाराच्या आत परत या. तो बिबट्याचा मुलूख आहे. पावसाळ्यात गवतात हात घालायच्या आधी काठीने हलवा.

नाव

आता नाव. अॅप वापरा, मीही वापरते. फक्त एकाऐवजी चार फोटो द्या: पूर्ण झाड, पेर, पानाची पालथी बाजू, फूल किंवा फळ. ते जे नाव सुचवेल त्याचं वर्णन वाचा आणि वहीतल्या चित्राशी ताडून बघा. एक खूण जुळत नसेल तर नाव पेन्सिलीने लिहा. दुर्मीळ ऑर्किड किंवा मुसळी सापडली तर जागेचा नकाशा कुणालाही पाठवू नका. पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानममध्ये, बोरिवली आहे. म्हणजे याच डोंगराची पलीकडची बाजू. तिच्या मुळांसाठी रानंच्या रानं खणली गेली आहेत.

मराठी नावं गावागणिक बदलतात आणि शास्त्रीय नावंही बदलतात. टाकळा जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा, आता सेन्ना टोरा. म्हणून मी दोन्ही लिहिते, आणि ज्या माणसाने नाव सांगितलं त्याचा पाडाही लिहिते. पाटोणापाड्याच्या मावशीचा "काळा" आणि "पांढरा" माझ्या वहीत तसाच आहे.

सुरुवात कधी करावी, तर येत्या रविवारी. मे असेल तर बहावा आणि करवंदं, ऑक्टोबर असेल तर गवतं. वहीला पहिलं पान लागतं एवढंच.

माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा काढलेलं झुडूप कारवी आहे. शाळेत वारली चित्रं शिकवताना मी मुलांना सांगते की ही चित्रं मुळात कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतींवरची. त्या कुडाची काठी उभी कशी असते ते बघावं म्हणून 2017 साली काढायला घेतली. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. फुलोरा 2016 मध्ये येऊन गेला होता, मला तो चुकला. नंतर सात वर्षं नुसती पेरं काढली, समोरासमोरची खरखरीत पानं, दातेरी कडा, शेजारीशेजारी धावणाऱ्या शिरा. 2024 च्या पावसाळ्यात त्याच पेरांच्या बगलेतून जांभळी फुलं आली आणि उतार निळसर झाला. मी रोजच्या जागी बसले आणि काढायला लागले. पुढच्या पावसाच्या तोंडावर वाळलेली बोंडं तडतड फुटत होती, बिया वहीवर येऊन पडत होत्या. चार बिया त्या पानावर पट्टीने मोजल्या आणि झुडपाच्या बुडाशी परत टाकल्या.